भ्रूणमूलपेशींचे संशोधन आणि त्यामागील नैतिक वाद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उपचारांसाठी येणारे रुग्ण केवळ या जिल्ह्यातले नसतात. दक्षिण कोकणातून आणि सीमाभागातूनही लोक येथे येतात. वंध्यत्वावर उपचार घेणारी जोडपी, मधुमेह किंवा अपंगत्व असलेल्या मुलांचे पालक, जीवशास्त्राचे विद्यार्थी आणि वर्तमानपत्रातील एखादी बातमी वाचून अस्वस्थ झालेले ज्येष्ठ नागरिक यांच्याकडून या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जेथे लेखकाचे मत आहे, तेथे ते मत असल्याचे स्पष्ट म्हटले आहे.

भ्रूणमूलपेशी म्हणजे नेमके काय?

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांचा संयोग झाल्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण हा शंभर-दोनशे पेशींचा, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा पोकळ गोळा असतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढे वार तयार होते आणि आतल्या बाजूस चिकटलेल्या पेशींच्या पुंजक्यापासून बाळाचे शरीर घडते. हा पुंजका वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवला, तर त्यातील पेशी दीर्घकाळ विभाजित होत राहतात, आणि योग्य रासायनिक संकेत दिल्यास त्यांपासून चेतापेशी, हृदयाच्या स्नायूपेशी, इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशी अशा शरीरातील जवळजवळ कोणत्याही पेशी बनवता येतात.

उंदराच्या भ्रूणापासून अशा पेशी १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि कॅलिफोर्नियात गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे मिळवल्या. मानवी भ्रूणापासून त्या मिळवण्यास १९९८ साल उजाडले; ते काम अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटाने केले. एका भ्रूणापासून एकदा तयार झालेला पेशींचा वंश, ज्याला सेल लाइन म्हणतात, अनेक वर्षे अनेक प्रयोगशाळांत वापरता येतो. त्यामुळे प्रत्येक प्रयोगासाठी नवा भ्रूण लागतो, ही समजूत बरोबर नाही.

मग वाद कशाचा आहे?

आतला पुंजका काढून घेतला की तो भ्रूण पुढे वाढू शकत नाही. एका बाजूला पार्किन्सन, पाठीच्या कण्याची इजा, लहान वयातील मधुमेह अशा आजारांवर उपचार सापडण्याची शक्यता आहे, तर दुसऱ्या बाजूला मानवी जीवनाच्या आरंभाचा नाश. बोनमॅरोतील मूलपेशी, नाळेच्या रक्तातील मूलपेशी किंवा चरबीतून काढलेल्या पेशी यांबाबत हा वाद उद्भवत नाही, कारण त्यांसाठी कोणताही भ्रूण नष्ट होत नाही. ‘स्टेम सेल’ हा शब्द ऐकताच सर्वच प्रकारांना एकाच तराजूत घालण्याची घाई केली जाते, ती टाळावी.

हे भ्रूण गर्भपातातून मिळवतात का?

नाही. ते आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून शिल्लक राहिलेले असतात. या उपचारात एका वेळी अनेक स्त्रीबीजे काढून फलित केली जातात, त्यांतील एक-दोन भ्रूण गर्भाशयात सोडले जातात आणि उरलेले चांगले भ्रूण उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. जोडप्याला मूल झाले, किंवा त्यांनी उपचार थांबवले, की या गोठवलेल्या भ्रूणांचे काय करायचे हा प्रश्न उरतो.

भारतात त्याचे उत्तर २०२१ च्या सहायक जननतंत्रज्ञान नियमन कायद्यात आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे साठवता येतात. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यावेत किंवा जोडप्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यावेत, असे तो कायदा सांगतो. संशोधनासाठी मानवी भ्रूण परदेशी पाठवण्यास पूर्ण बंदी आहे. म्हणजे शिल्लक भ्रूणांपैकी बहुतेकांसमोर जन्म हा पर्यायच उरलेला नसतो. प्रश्न राहतो तो त्यांचा शेवट कशा रीतीने व्हावा, एवढाच. पुढील नैतिक चर्चेत ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवावी लागते, कारण विरोधकांचे बरेच युक्तिवाद जणू प्रत्येक भ्रूण पाळण्याच्या वाटेवर होता असे गृहीत धरतात, आणि समर्थकांचे काही युक्तिवाद ‘नाहीतरी टाकूनच देणार’ एवढ्यावर थांबतात.

पाच दिवसांचा भ्रूण ही व्यक्ती आहे का?

या वादातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहून तो सुटत नाही.

व्यक्ती आहे असे म्हणणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद सातत्याचा आहे. आज आपण जे आहोत, ते मागे मागे नेत गेलो तर फलित बीजापर्यंत कोठेही तुटक रेषा सापडत नाही. मग अमुक दिवशी माणूस सुरू झाला असे म्हणण्याला आधार काय? या युक्तिवादाची ताकद मान्य केली पाहिजे. ‘भ्रूण दिसत नाही, बोलत नाही, त्याला वेदना नाहीत’ हे उत्तर अपुरे आहे, कारण बेशुद्ध माणसालाही वेदना नसतात आणि तरी त्याच्यावर त्याच्या संमतीविना घातक प्रयोग करण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

व्यक्ती नाही असे म्हणणारे दोन गोष्टी पुढे करतात. पहिली अशी की साधारण चौदाव्या दिवसापर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊन जुळी निपजू शकतात. जो अजून एक राहील की दोन होईल हेही ठरलेले नाही, त्याला एक विशिष्ट व्यक्ती कसे म्हणावे? दुसरी गोष्ट क्षमतेची. उसाच्या कांडीवरच्या डोळ्यात अख्खा ऊस असतो असे आपण म्हणतो, पण पोत्यात पडलेली कांडी आणि सरीत लागण झालेली कांडी यांत शेतकरी फरक करतो. नायट्रोजनच्या टाकीतील भ्रूणाला गर्भाशय मिळाल्याखेरीज त्याची क्षमता प्रत्यक्षात येत नाही, आणि ते गर्भाशय देण्याची सक्ती कोणत्याही स्त्रीवर करता येत नाही.

लेखकाचे मत असे की पाच दिवसांचा भ्रूण ही पूर्ण अर्थाने व्यक्ती नव्हे, पण ती केवळ वस्तूही नव्हे. नखे किंवा केस यांच्याप्रमाणे त्याची विल्हेवाट लावण्यास जवळजवळ कोणीच तयार नसते. गोठवलेल्या भ्रूणांचे वार्षिक शुल्क न चुकता भरणारी, पण त्यांचे पुढे काय करायचे हे ठरवू न शकणारी जोडपी पाहिली, की या मधल्या स्थितीला तत्त्वज्ञांनी अजून समाधानकारक नाव दिले नसले तरी माणसे ती ओळखतात, हे कळते. अशा मधल्या स्थितीतील जीवाचा वापर गंभीर कारणासाठी, अन्य मार्ग नसताना आणि रीतसर संमतीने करता येईल. सौंदर्यप्रसाधनासाठी करता येणार नाही.

चौदा दिवसांचा नियम कोठून आला?

जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मल्यानंतर तेथील सरकारने तत्त्वज्ञ मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९८४ च्या अहवालात सुचवले की मानवी भ्रूण शरीराबाहेर चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये, आणि ब्रिटनच्या १९९० च्या कायद्यात ही मर्यादा आली. त्या सुमारास भ्रूणावर शरीराच्या अक्षाची पहिली खूण उमटते, जुळे होण्याची शक्यता मावळते आणि मज्जासंस्थेची सुरुवात अजून झालेली नसते.

ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. परस्परविरोधी मतांच्या लोकांनी एकत्र बसून मान्य केलेली ती तडजोड आहे. अनेक वर्षे ती कोणाला नडली नाही, कारण इतके दिवस भ्रूण वाढवणे जमतच नव्हते. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्क येथील दोन गटांनी तो बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवून दाखवला, आणि २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चौदा दिवसांपुढील प्रयोग सरसकट निषिद्धांच्या यादीतून काढले. नियम प्रयोगाच्या आड येऊ लागताच तो सैल करण्याची भाषा सुरू व्हावी, यामुळे सामान्य माणसाच्या मनात शंका आली तर त्याला अडाणी ठरवू नये. भारताच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मात्र चौदा दिवसांपलीकडे भ्रूण वाढवणे निषिद्धच आहे.

आपल्या धर्मपरंपरा याविषयी काय सांगतात?

रोमन कॅथलिक चर्चची भूमिका सर्वांत स्पष्ट आहे : गर्भधारणेच्या क्षणापासून जीवनाचे रक्षण व्हावे, म्हणून भ्रूण नष्ट करणारे संशोधन अमान्य. इस्लामी विचारात गर्भात रूह म्हणजे आत्मा फुंकला जाण्याचा काळ बहुतेक परंपरांत १२० दिवसांचा, काहींत ४० दिवसांचा मानतात, आणि अनेक विद्वान शिल्लक भ्रूणांवरील संशोधनाला अटींसह वाव देतात. ज्यू परंपरेत गर्भाशयाबाहेरील भ्रूणाला पूर्ण दर्जा नाही आणि रोगनिवारणाला मोठे महत्त्व आहे.

कोल्हापूर परिसरात जैन समाज मोठा आहे आणि तेथून येणारा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. ज्या परंपरेत सूक्ष्मतम जीवाचीही हिंसा टाळण्यासाठी पाणी गाळून पितात, तिला पाच दिवसांच्या भ्रूणाचा ‘लहानपणा’ हा बचाव पटणार नाही. हिंदू परंपरेत एकच अधिकृत वाणी नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र, शोणित आणि जीव यांचा संयोग कुक्षीत म्हणजे गर्भाशयात झाल्यावर त्यास गर्भ म्हणावे असे सांगितले आहे. त्याचा आधार घेऊन शरीराबाहेरचा भ्रूण गर्भ ठरत नाही, असे काहीजण म्हणतात. परंतु शरीराबाहेर फलन होऊ शकते ही कल्पनाच समोर नसलेल्या ग्रंथकाराकडून या प्रश्नाचा निकाल मागणे योग्य वाटत नाही.

गांधारीच्या शंभर पुत्रांची कथा म्हणजे प्राचीन मूलपेशी तंत्रज्ञानच नव्हे का?

नाही. ती कथा आहे, आणि कथा म्हणून ती थोर आहे. तिच्यातून प्रयोगाची पद्धत मिळत नाही आणि नैतिक मान्यताही मिळत नाही.

स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध लढलेल्या जिल्ह्याने या संशोधनाला पाठिंबा कसा द्यावा?

२००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या, आणि सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ उपकरण जोडून प्रत्येक तपासणीची नोंद ठेवण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात झाला. त्यामुळे येथे कोठेही भ्रूणांच्या नाशाची चर्चा निघाली की हा प्रश्न येतो, आणि तो स्वाभाविक आहे.

दोन्हींतील अन्याय मात्र वेगळ्या जातीचा आहे. लिंगनिदान करून केलेल्या गर्भपातात मुलगी म्हणून तिला नाकारले जाते, आणि १९९४ च्या लिंगनिदानबंदी कायद्याचा रोख त्या निवडीवर आहे. त्याच कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीमुळे प्रयोगशाळेतील भ्रूणाचे लिंग पाहून निवड करणेही गुन्हा ठरते. मूलपेशींसाठी दिलेल्या भ्रूणाबाबत लिंगाचा प्रश्नच येत नाही; कोणी तो आणू पाहील तर तो कायद्याच्या कचाट्यात सापडेल. एक धागा मात्र दोन्हींकडे समान आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर सासरच्यांनी घेतलेला निर्णय ज्या बाईला निमूटपणे सोसावा लागत असे, तिच्याचसमोर उद्या भ्रूणदानाचा कागद ठेवला जाईल. या जिल्ह्याने मिळवलेला अनुभव खरा उपयोगी पडायचा तो येथे.

आमचे भ्रूण गोठवलेले आहेत. संशोधनासाठी देण्याविषयी विचारले तर काय पाहावे?

हा प्रश्न विचारणारी जोडपी बहुधा संकोचाने विचारतात, आणि व्यासपीठावरील वादांपेक्षा येथेच नीती प्रत्यक्षात पाळली किंवा मोडली जाते, असे लेखकाला वाटते.

उपचार सुरू करताना, पैसे भरण्याच्या गडबडीत, वीस-पंचवीस पानांच्या इंग्रजी संचातील एका ओळीवर केलेली सही म्हणजे संमती नव्हे. भ्रूण संशोधनासाठी द्यायचे का, हा प्रश्न उपचारांपासून वेगळा, स्वतंत्र कागदावर आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत विचारला गेला पाहिजे. उपचार करणारा डॉक्टर आणि संशोधन करणारी व्यक्ती एकच असू नये. कारण ज्याच्या हाती आपले मूल होण्याची आशा आहे, त्याला नाही म्हणणे कठीण असते. नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही, हे लेखी असावे. भ्रूण प्रत्यक्ष वापरला जाईपर्यंत संमती मागे घेता येते. दानाबद्दल पैसे मिळत नाहीत, आणि त्या पेशींपासून पुढे एखादे उत्पादन निघून कोणी नफा मिळवला तरी तुमचा त्यात वाटा नसतो. हेही आधी सांगितले गेले पाहिजे, नंतर कळता कामा नये.

संमती पती आणि पत्नी दोघांची लागते. समुपदेशकाने पत्नीशी एकांतात बोलावे, असा आग्रह धरण्यात काहीही गैर नाही. एकत्र कुटुंबात मूल होण्याचा निर्णय घराचा मानला जातो, हे खरे. परंतु इंजेक्शने तिने घेतलेली असतात आणि स्त्रीबीजे तिच्या शरीरातून काढलेली असतात.

दान न करता भ्रूण नष्ट होऊ देणे हाही पूर्णपणे आदरणीय निर्णय आहे. संशोधनाला न देणाऱ्या जोडप्याला मानवतेच्या आजारांचे ओझे दाखवून लाजवणारा समुपदेशक आपले काम चुकतो.

शिल्लक भ्रूण न वापरता संशोधनासाठीच नवे भ्रूण तयार केले तर?

भारतीय मार्गदर्शक तत्त्वांत हे निर्बंधित गटात येते, म्हणजे वरच्या पातळीवरील खास परवानगीवाचून करता येत नाही. काही तत्त्वज्ञांच्या मते दोन्हींत फरक नाही : भ्रूण व्यक्ती नसेल तर तो कोणत्या हेतूने बनवला याने काय बिघडते? तर्क सरळ आहे. तरीही लेखक या ठिकाणी विरोधाच्या बाजूला उभा आहे, आणि त्याचे कारण भ्रूण हे नसून स्त्रीबीज देणारी बाई हे आहे.

स्त्रीबीजे काढण्यासाठी बरेच दिवस संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात आणि काही स्त्रियांत बीजांडकोश अतिउत्तेजित होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते. उपचार घेणारी स्त्री हा धोका स्वतःच्या मुलासाठी पत्करते. संशोधनासाठी तो कोण पत्करील? दक्षिण कोरियात वू-सुक ह्वांग या संशोधकाच्या प्रकरणात उत्तर दिसले. २००४ आणि २००५ मध्ये त्याने क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून मूलपेशी मिळवल्याचा दावा केला. २००६ पर्यंत तो खोटा ठरून दोन्ही शोधनिबंध मागे घेतले गेले. आकड्यांच्या बनवेगिरीची चर्चा जगभर झाली. परंतु त्या प्रयोगांसाठी पैसे देऊन स्त्रीबीजे घेतली गेली होती आणि त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या तरुण संशोधिकांचीही त्यात होती, ही गोष्ट अधिक काळजीची आहे. आपल्या कायद्याने वंध्यत्वाच्या उपचारासाठीसुद्धा दात्या स्त्रीला आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सात स्त्रीबीजे देण्याची मर्यादा घातली आहे, ती गरिबीचा बाजार होऊ नये म्हणूनच.

त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी बनवता येतात. मग भ्रूण कशाला हवेत?

जपानमधील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मागे वळवून भ्रूणमूलपेशींसारखे बनवले. त्यासाठी २०१२ चे नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. अनेकांना वाटले की वाद मिटला. तो बराच निवळला, मिटला नाही. या नव्या पेशी किती विश्वासार्ह आहेत हे तपासण्यासाठी तुलनेला भ्रूणमूलपेशीच लागतात, आणि प्रत्यक्ष उपचारांच्या चाचण्यांतही दोन्ही वाटा सोबत चालल्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनवरील दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष एकाच नियतकालिकात आले : अमेरिका-कॅनडातील चाचणीत भ्रूणमूलपेशींपासून बनवलेल्या चेतापेशी १२ रुग्णांना दिल्या होत्या, तर क्योटोच्या चाचणीत यामानाका पद्धतीच्या पेशी सात रुग्णांना. दोन्हींत पेशी सुरक्षित दिसल्या. गुण किती येतो हे सांगायला इतके रुग्ण पुरत नाहीत.

बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने दोन सेल लाइन मिळवल्या, त्या गर्भाशयात सोडण्यास अयोग्य ठरवून बाजूला काढलेल्या निकृष्ट प्रतीच्या भ्रूणांपासून. लेखकाला हा मार्ग आपल्या परिस्थितीत सर्वांत कमी आक्षेपार्ह वाटतो.

मी तत्त्वतः विरोधात आहे. तरी अशा पेशींपासून बनलेला उपचार घेतला तर ढोंग ठरेल का?

देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. जर्मनीत भ्रूण नष्ट करण्यास बंदी आहे, पण २००२ च्या कायद्याने ठरावीक तारखेपूर्वी परदेशात तयार झालेल्या सेल लाइन आयात करता येतात, आणि २००८ मध्ये ती तारीखच पुढे सरकवली गेली. अमेरिकेत ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्या दिवसापूर्वीच्या सेल लाइनपुरताच सरकारी निधी देण्याचे ठरवले. त्या यादीत मुंबई आणि बंगळूर येथील लाइनही होत्या. २००९ मध्ये ओबामांनी ही मर्यादा उठवली. तारखेची रेषा ओढून हात स्वच्छ ठेवण्याचा हा प्रकार फारसा पटत नाही.

व्यक्तीचे मात्र निराळे आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून बनवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी मिळालेल्या १२ रुग्णांपैकी दहा जणांना वर्षानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागत नव्हते, जरी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू ठेवावी लागली. उद्या असा उपचार येथे उपलब्ध झाला आणि विरोधी मताच्या पित्याने तो आपल्या मुलीसाठी घेतला, तर पूर्वी झालेल्या कृतीला त्याने प्रोत्साहन दिले असे म्हणता येणार नाही. घेऊ नये असे वाटले, तर तोही त्याचा हक्क आहे. पण मुलीचे वय समजण्याजोगे असेल तर तिला विचारावे.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, गुडघेदुखी यांवर ‘स्टेम सेल थेरपी’च्या जाहिराती दिसतात. त्या खऱ्या आहेत का?

अशा जाहिरातींतील पेशी बहुधा भ्रूणाच्या नसतात; रुग्णाच्याच बोनमॅरोतून किंवा चरबीतून काढलेल्या असतात. म्हणून भ्रूणाविषयीचा आक्षेप येथे लागू होत नाही, आणि तरी नीतीचा प्रश्न अधिकच तीव्र होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतील मूलपेशी प्रत्यारोपण, तसेच औषध नियंत्रकांनी रीतसर मान्यता दिलेली मोजकी उत्पादने वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी ‘चाचणी’ म्हणत लाखांचे पॅकेज सांगत असेल, तर तेथेच उठावे. खरी चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत क्रमांकासह सापडते. तो क्रमांक मागण्यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही.

दागिने मोडून असे उपचार घेणारे पालक मूर्ख नसतात. त्यांना वाट पाहा असे सांगणारे अनेक भेटतात आणि आशा देणारा एकच भेटतो. प्रयोगशाळेत मिळालेले यश आणि रुग्णाला मिळणारा गुण यांमधील अनेक वर्षांचे अंतर जाहिरातदार लपवतो, आणि त्यासाठी तो खऱ्या संशोधनाची कीर्ती उसनी घेतो. भ्रूणमूलपेशींच्या पहिल्या मानवी चाचणीची कथा त्याला सांगायची नसते : पाठीच्या कण्याच्या इजेवरील ती चाचणी अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने आर्थिक कारणांनी गुंडाळली.

बाळाची नाळ खासगी बँकेत ठेवावी का?

नाळेतील रक्ताचा भ्रूणाच्या वादाशी संबंध नाही. स्वतःच्या भविष्यातील वापरासाठी ते साठवण्यास वैज्ञानिक आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे मत आहे. शिवाय आनुवंशिक आजार असल्यास तोच दोष त्या पेशींतही असतो. कुटुंबात आधीच एखाद्या मुलाला प्रत्यारोपणाची गरज असेल तर गोष्ट वेगळी. त्याविषयी रक्तरोगतज्ज्ञांशी बोलावे.

कोल्हापुरात असे संशोधन करायचे ठरल्यास परवानगी कोण देईल, आणि सामान्य माणसाला त्यात स्थान आहे का?

संस्थेत मूलपेशी संशोधनासाठी वेगळी समिती आणि सर्वसाधारण नीतिसमिती अशा दोन्ही समित्यांची मान्यता लागते. त्यांवर राष्ट्रीय सर्वोच्च समितीची देखरेख असते. संस्थेच्या समितीत डॉक्टर व शास्त्रज्ञांबरोबर कायद्याचा जाणकार आणि समाजातील सामान्य प्रतिनिधी असावा लागतो. ही सामान्य प्रतिनिधीची खुर्ची अनेकदा सही करण्यापुरती समजली जाते. शिक्षक, निवृत्त कर्मचारी किंवा सामाजिक कार्यकर्ते म्हणून कोणाला ते आमंत्रण आले, तर त्यांनी प्रकल्पाचे विज्ञान कळत नाही म्हणून गप्प बसू नये. मराठीतील संमतीपत्र मागवून घ्यावे, ते मोठ्याने वाचावे, आणि भ्रूण देणाऱ्या स्त्रीशी कोण बोलले, किती वेळ बोलले व त्या वेळी खोलीत आणखी कोण होते, एवढे विचारून इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.